फुगडीतला ताण आणि बेडकाचा भ्रूण : पेशी एकमेकींना कशा ओढतात?



पेशी शिकवताना आपण सगळेच एक उदाहरण हमखास देतो. घर जसं चिऱ्यांचं, तसं शरीर पेशींचं. उदाहरण चांगलं आहे, मुलांना पटकन कळतं. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. चिरा ठेवला तिथेच बसून राहतो, त्याला रचायला गवंडी लागतो. शरीराला असा बाहेरचा गवंडी कुठून आणणार? तिथे पेशीच एकमेकींना धरतात, ओढतात, सरकतात, आणि त्या ओढाताणीतून पाठ, पोट, डोकं आकाराला येतं.

एखाद्या चौकस मुलाने विचारलं, "बाई, सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच असतात, तर मग पाठ कुठे आणि पोट कुठे हे घडवतं कोण?" तर आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी हवं. जनुकं सूचना देतात हे अर्धं उत्तर झालं. त्या सूचनांप्रमाणे पेशी प्रत्यक्ष जोर लावतात, हे उरलेलं अर्धं. आजचा पाठ या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे. त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक फार गमतीशीर साधन बनवलं आहे, तेही समजून घेऊ.

बेडकाचंच अंडं का?

आपल्या तळेऱ्याच्या आसपास मृगाचा पाऊस पडला की शेतातल्या पाण्यात, सड्यावरच्या डबक्यांत बेडकांची अंडी दिसू लागतात. काही पाण्यावर पातळ सायीसारखी पसरलेली असतात. काही झाडावरचे बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाकीच्या भिंतीला साबणासारख्या फेसाचं घरटं करतात. मुलांनी हे पाहिलेलं असतं, फक्त ते काय आहे हे त्यांना सांगावं लागतं.

आईच्या पोटात बाळ कसं घडतंय ते उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही. कोंबडीच्या अंड्याला कवच असतं. बेडकाचं अंडं मात्र पाण्यात, पारदर्शक जेलीत असतं. भिंगाखाली धरलं की एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होताना समोर दिसतात. म्हणून शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञ बेडकाच्या भ्रूणाकडे बघत आलेले आहेत.

आपल्याकडेही हे काम झालेलं आहे. मायक्रोहायला ऑर्नाटा हा आपल्या भागात सगळीकडे सापडणारा छोटा बेडूक. पुण्याच्या संशोधकांनी त्याच्या भ्रूणावर मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचा काय परिणाम होतो ते तपासून १९८३ साली प्रसिद्ध केलं होतं. जगभरच्या प्रयोगशाळांत मात्र झेनोपस हा आफ्रिकेतला नखवाला बेडूक जास्त वापरतात. त्याचं अंडं साधारण मोहरीच्या दाण्याएवढं असतं. फलन झाल्यावर दीड तासाने पहिल्यांदा विभागणी होते आणि साधारण एका दिवसात मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात, ती नळी मिटते. या नळीला आपण मज्जानलिका म्हणू.

करंजी आणि कांद्याची पिशवी

मज्जानलिका सुरुवातीला नळी नसतेच. भ्रूणाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि मधोमध जुळतात. पालकांनो, घरी करंजी करताना मुलांना जवळ बसवा. पारी सपाट असते, आपण कडा उचलतो, जुळवतो, दाबून बंद करतो. कड नीट जुळली नाही तर तळताना करंजी फुटते. भ्रूणाच्या पाठीवर असंच घडतं, फक्त दुमडणारे हात बाहेरचे नसतात.

ते कसं होतं? प्रत्येक पेशीच्या वरच्या टोकाला ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात. आपला दंड आवळताना स्नायूंत जी प्रथिनं काम करतात, त्याच घराण्यातली ही. पिशवीच्या तोंडाची नाडी ओढल्यावर तोंड आवळतं, तसं हे धागे पेशीचं वरचं टोक आवळतात. पेशी वर निमुळती आणि खाली रुंद होते. शेजारशेजारच्या अनेक पेशी अशा आवळल्या की सगळी पट्टीच वाकते.

त्याच वेळी दुसरी हालचाल चालू असते. पेशी एकमेकींच्या मधे शिरतात, त्यामुळे पट्टी अरुंद होते आणि लांबते. हे दाखवायला कांद्याची जाळीदार पिशवी घ्या. लांबीच्या दिशेने ओढली की रुंदी आपोआप कमी होते. मालवण, देवगडकडच्या मुलांना रापणीच्या जाळ्याचं उदाहरण द्या, त्यांनी ओढलेलं जाळं पाहिलेलं असतं. एक फरक मात्र सांगायला विसरू नका. जाळ्याच्या गाठी जागच्या जागी पक्क्या असतात. पेशी मात्र जुन्या शेजारणीचा हात सोडून नव्या शेजारणीचा हात धरू शकतात.

पेशींचे हात

गणपतीत आपल्याकडे फुगड्या रंगतात. दोघी हात घट्ट धरतात, मागे झुकतात आणि गिरक्या घेतात. त्या वेळी दोघींच्या हातांत जो ताण असतो, तोच दोघींना सावरून धरतो. एकीने हात सोडला तर दोघीही पडतात.

पेशींचे असे हात म्हणजे कॅडहेरिन नावाची प्रथिनं. एका पेशीतून निघालेलं कॅडहेरिन शेजारच्या पेशीच्या कॅडहेरिनला धरतं. आतल्या बाजूने त्याची शेपटी इतर प्रथिनांच्या मदतीने ॲक्टिनच्या धाग्यांना जोडलेली असते. म्हणजे आतला दोर ओढला की ओढ हातातून शेजारणीपर्यंत पोचते. या पकडीला कॅल्शियम लागतं. बेडकाच्या भ्रूणाच्या पेशी कॅल्शियम नसलेल्या पाण्यात ठेवल्या तर त्या एकमेकींपासून सुट्या होतात. झेनोपसच्या अगदी सुरुवातीच्या भ्रूणात जे मुख्य कॅडहेरिन असतं, त्याला सी-कॅडहेरिन म्हणतात.

हा ताण मोजायचा कसा?

एक पद्धत अशी, की दोन पेशींच्या मधला सांधा लेझरच्या बारीक किरणाने कापायचा आणि टोकं किती झपाट्याने मागे सरतात ते बघायचं. ताणलेली सुतळी कापल्यावर टोकं उडतात, तसंच. पण यात जे मोजायचं तेच तुटतं. शिवाय एका वेळी एकच जागा बघता येते.

पेशींच्या ओढाताणीचा अभ्यास आपल्या राज्यातही होतो. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मैत्रेयी नरसिंहा यांचा गट फळमाशीच्या भ्रूणावर काम करतो. त्या भ्रूणाच्या पाठीवर एक फट असते आणि ती दोन्ही बाजूंच्या पेशी ओढल्या जाऊन मिटते. माशी असो की बेडूक, कडा जुळवण्याचा प्रश्न सारखाच.

न कापता ताण बघायचा असेल तर पेशीच्या हातातच काटा बसवायला हवा. २०१० साली कार्स्टन ग्राशॉफ, मार्टिन श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा काटा बनवला. त्यात दोन चमकणारी प्रथिनं आहेत आणि त्यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यातल्या रेशमासारखी एक लवचीक स्प्रिंग. ही स्प्रिंग म्हणजे पाच अमिनो आम्लांचा एकच तुकडा आठ वेळा जोडलेला, एकूण ४० अमिनो आम्लं.

काटा चालतो असा. दोन दिवे आहेत असं समजा. पहिल्यावर प्रकाश टाकला की तो चमकतो. दुसरा दिवा त्याच्या अगदी जवळ असेल, म्हणजे १ मिलिमीटरचे १ लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही कमी अंतरावर, तर पहिला आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन टाकतो आणि दुसरा चमकतो. स्प्रिंग ताणली, दिवे लांब गेले, की ही देवाणघेवाण कमी होते. दोन रंगांचं प्रमाण बघितलं की ताण कळतो.

ही स्प्रिंग १ ते ६ पिकोन्यूटन इतका ताण ओळखते. १०० ग्रॅमचं वजन तळहातावर ठेवल्यावर जो भार जाणवतो तो साधारण १ न्यूटन. त्याचे १ लाख कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे १ पिकोन्यूटन! संख्यांची स्थानं शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा, एकावर बारा शून्यं मुलांच्या लक्षात राहतात.

पहिला काटा विन्क्युलिन नावाच्या प्रथिनात बसवला होता. २०१२ साली तो कॅडहेरिनमध्ये बसवला गेला. २०१६ साली जपानमधल्या संशोधकांनी ॲक्टिनच्या धाग्यांना बांधणाऱ्या ॲक्टिनिन या प्रथिनात असा काटा घालून तो झेनोपसच्या जिवंत भ्रूणात वापरला. त्यात एक दिवा हिरवा होता आणि दुसरा लाल. भ्रूणाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढल्यावर दिसलं, की जिथे पुढे कातडी होणार आणि जिथे मज्जानलिकेची पट्टी होणार, तिथला ताण वेगवेगळा आहे.

प्लास्मिड म्हणजे काय?

आता प्रश्न असा, की हा इवलासा काटा पेशीत बसवायचा कोणी? तो चिमट्याने बसवता येत नाही. पेशीकडूनच तो बनवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी तिला कृती लिहून द्यावी लागते. ती कृती ज्या कागदावर लिहितात तो कागद म्हणजे प्लास्मिड.

प्लास्मिड हे डीएनएचं छोटंसं कडं असतं, काही हजार अक्षरांचं. जिवाणूंमध्ये ते निसर्गतःच सापडतं. प्लास्मिड हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली दिलं. जिवाणू ही कडी एकमेकांना देतात. प्रतिजैविक औषधांना न जुमानण्याचा गुण जिवाणूंमध्ये पसरतो तो बऱ्याचदा यांच्यामार्फतच. डॉक्टरांनी दिलेला प्रतिजैविकांचा डोस मनाने बदलू नका, हे मुलांना सांगण्याची ही चांगली जागा आहे.

शास्त्रज्ञ या कड्यात हवा तो मजकूर घालतात. बेडकाचं इथे खास नातं आहे. १९७४ साली प्राण्याचं जनुक पहिल्यांदा जिवाणूच्या प्लास्मिडमध्ये घातलं गेलं, ते झेनोपस बेडकाचंच होतं. आणि आपल्या देशाचंही नातं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपत्कालीन वापराला मान्यता मिळालेली झायकोव्ह-डी ही कोविडची लस प्लास्मिडवरच बनलेली होती. माणसांसाठी मान्यता मिळालेली जगातली ती पहिली डीएनए लस.

काट्याचा प्रवास थोडक्यात असा :

१. कड्यामध्ये "कॅडहेरिन, मधे दोन दिवे आणि स्प्रिंग" अशी कृती लिहितात.
२. हे कडं जिवाणूंत घालून त्याच्या भरपूर प्रती करून घेतात.
३. कड्यावरून प्रयोगशाळेत आरएनए बनवतात. आरएनए म्हणजे कृतीची हाताशी धरायची चिठ्ठी.
४. अतिशय बारीक काचेच्या सुईने ही चिठ्ठी दोन किंवा चार पेशींच्या भ्रूणात टोचतात.
५. भ्रूणाच्या पेशी चिठ्ठी वाचून काटा असलेलं कॅडहेरिन बनवतात आणि ते आपोआप आपल्या जागी जाऊन बसतं.

प्लास्मिड बनवायला कष्ट लागतात, म्हणून शास्त्रज्ञ ते वाटून घेतात. अमेरिकेत ॲडजीन नावाची ना-नफा संस्था २००४ पासून हेच काम करते. एकाने बनवलेलं प्लास्मिड तिथे जमा होतं आणि जगातल्या इतर प्रयोगशाळांना मिळतं. आपल्या शाळेतल्या पुस्तकपेढीसारखंच!

वर्गात करायची कृती : इलॅस्टिकचा काटा

साहित्य : शिंप्याकडे मिळणारं रुंद इलॅस्टिक (प्रत्येकी ३० सेंटिमीटरचे आठ तुकडे), हिरवा आणि लाल स्केचपेन, मोजपट्टी.

कृती : प्रत्येक तुकड्याच्या मधोमध १ सेंटिमीटर अंतरावर एक हिरवा आणि एक लाल ठिपका काढा. आठ मुलांना गोलात उभं करा. शेजारच्या दोघांनी एका तुकड्याची दोन टोकं धरायची. हीच त्यांची पकड. आता एकाच मुलाला हळूच एक पाऊल मागे जायला सांगा. बाकीच्या मुलांनी प्रत्येक तुकड्यावरच्या ठिपक्यांमधलं अंतर मोजून तक्त्यात लिहायचं. जवळचे दोन तुकडे जास्त ताणलेले दिसतील. बाकीच्यांना हलायची मोकळीक दिली तर ताण हळूहळू लांबपर्यंत पसरलेला दिसेल.

आता महत्त्वाचा भाग. एका तुकड्याचं एक टोक सोडून द्या आणि पुन्हा पाऊल मागे घ्यायला सांगा. मूल हललं, पण ठिपक्यांचं अंतर बदललं नाही. शास्त्रज्ञही असंच करतात. काट्याची एक प्रत ते मुद्दाम शेपटी कापून बनवतात. ती आतल्या दोराला जोडली जात नाही, त्यामुळे तिला ताण जाणवतच नाही. खऱ्या काट्याचे रंग आणि या कापलेल्या काट्याचे रंग यांची तुलना केल्यावरच खात्रीने म्हणता येतं, की दिसतोय तो ताणच आहे. "तुलनेशिवाय निष्कर्ष नाही" हे पाचवीच्या मुलालाही या खेळातून कळतं.

सूचना : इलॅस्टिक चेहऱ्याजवळ नेऊ देऊ नका आणि ताणलेलं टोक अचानक सोडू देऊ नका.

पालकांसाठी : हे आपल्या घरात कुठे येतं?

माणसाच्या बाळातही मज्जानलिका अशीच मिटते आणि ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत पूर्ण मिटलेली असते. म्हणजे अनेक आयांना दिवस गेल्याचं कळायच्या आतच हे काम उरकलेलं असतं. पाठीकडची कड नीट जुळली नाही तर बाळाला स्पायना बिफिडा होतो. अशा मुलांना चालायला किंवा लघवी-शौचावर ताबा ठेवायला अडचण येऊ शकते. काहींना शस्त्रक्रिया लागते. यातली कितीतरी मुलं छान शिकतात. त्यांना शाळेत रॅम्प, जवळचं स्वच्छतागृह आणि समजूतदार सोबती मिळाले की पुष्कळ झालं.

आपल्याकडे अजून एक समज घट्ट आहे. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं, शिवलं, दुमडलं की बाळात व्यंग येतं, असं म्हणतात. मग व्यंग घेऊन बाळ जन्मलं की सगळं खापर आईवर फुटतं. ती आयुष्यभर मनात म्हणत राहते, "त्या दिवशी मी विळी हातात घेतली नसती तर..." तिला हे सांगायची गरज आहे, की बाळाच्या पाठीची कड जुळते ती पेशींच्या ओढीने, पहिल्या २८ दिवसांत. विळीचा आणि सावलीचा तिच्याशी काही संबंध नाही. हे सांगणं हा विज्ञानाच्या पाठाचाच भाग आहे, असं मला वाटतं.

ज्याचा संबंध आहे ती गोष्ट अगदी साधी आहे. फॉलिक ॲसिड. पेशींची संख्या वाढताना प्रत्येक वेळी नवा डीएनए बनवावा लागतो आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागतं. आईच्या शरीरात ते गर्भधारणेच्या आधीपासून पुरेसं असेल तर मज्जानलिका उघडी राहण्याचा धोका बराच कमी होतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधी असं बाळ झालेल्या मातांमध्ये हा धोका ७२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणून मूल हवं असं ठरलं की आधीच डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून गोळी सुरू करायची. दिवस गेल्यावर सुरू करू म्हटलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

शाळेत आपण दर आठवड्याला लोहाची गोळी देतो, तिच्यातही फॉलिक ॲसिड असतं. लहान मुलांच्या गुलाबी गोळीत ४०० मायक्रोग्रॅम आणि मोठ्यांच्या निळ्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम. या गोळ्यांचा मुख्य हेतू रक्तक्षय टाळणं हा आहे. पण गोळी देताना "घ्या आणि गिळा" एवढंच म्हणण्याऐवजी "ही तुमच्या पेशींना नवीन पेशी बनवायला मदत करते" असं एक वाक्य सांगितलं, तर मुलं गोळी खिशात लपवण्याआधी जरा विचार करतील.

मुलं हे प्रश्न विचारतीलच

"बेडकाला मारतात का?" अंडी मिळवण्यासाठी मादीला मारावं लागत नाही. तिला संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की ती अंडी घालते. प्रयोगातले बरेचसे भ्रूण मात्र मोठे बेडूक होईपर्यंत वाढवले जात नाहीत. हे लपवू नका. अशा प्रयोगांवर नियम आणि समित्या असतात, हेही सांगा.

"तो बेडूक कायमचा चमकतो का?" नाही. टोचलेली आरएनएची चिठ्ठी काही दिवसांत विरून जाते. पुढच्या पिढीत ती जात नाही.

"आपण डबक्यातली अंडी आणून बघूया?" डबक्यापाशी जाऊन बघूया, आणायला नको. आपल्याच जिल्ह्यात आंबोलीला झँथोफ्राइन टायग्रिना नावाची भेक आहे. ती २००९ साली नवीन जात म्हणून नोंदली गेली आणि आज ती नष्ट होण्याच्या गंभीर धोक्यात आहे. कातळावरच्या उथळ डबक्यात ती अंडी घालते. कोणती अंडी कोणाची हे आपल्याला ओळखता येत नाही, तेव्हा हात न लावता बघायचं. भिंग, वही आणि छत्री एवढं पुरे.

स्वाध्याय

१. फुगडीत ताण कुठे असतो? चित्र काढून बाणाने दाखवा.
२. घरी करंजी किंवा मोदक होताना पाहा. सपाट पारीचा आकार कसकसा बदलतो ते चार चित्रांत काढा.
३. इलॅस्टिकच्या एका तुकड्याचं टोक आपण मुद्दाम का सोडलं? दोन वाक्यांत लिहा.
४. पावसाळ्यात एकाच डबक्याला सात दिवस भेट द्या. मोठं माणूस सोबत हवंच. अंड्यांत रोज काय बदल दिसला ते तारीख घालून लिहा.
५. आजीला विचारा : ग्रहणाबद्दल तिने काय ऐकलं आहे? मग या पाठात शिकलेली गोष्ट तिला तुमच्या शब्दांत सांगा. आदराने, वाद न घालता.

पाचवा प्रश्न मुलांइतकाच आपल्यासाठीही आहे.